न आलेली तक्रार

दादाचं स्टूल उचलून धाकट्याने जिन्याखाली सरकवलं आणि हात झटकत तो दाराकडे वळला. परदेशी कंपनीचे पाहुणे आले होते.

"ही सगळी जागा मोकळी होईल?" त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं.

"होईल."

जागा म्हणजे पंख्यांच्या जुळणीचा विभाग. इथे बसून दादा प्रत्येक टेबलफॅनचा आवाज ऐकायचा, मगच तो खोक्यात जायचा. कामगार पाठीमागे त्याला कानसाहेब म्हणत. धाकट्याचं गणित वेगळं होतं. पंखे करणारे गल्लोगल्ली पडलेत. पण इतकी कमी वीज खाणारी मोटर करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाहुण्यांना तीच हवी होती, देशोदेशी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या पंख्यांसाठी. पंखा सोडायचा, मोटर धरायची, मग आपल्यावाचून त्यांचं पान हलणार नाही. हे त्याने दादाला परोपरीने समजावलं होतं.

"मोटर आपली आणि नाव दुसऱ्याचं? डोंबलाचा धंदा," दादा म्हणायचा. आणि कारखाना दोघांचा. दादाच्या सहीशिवाय करार होत नव्हता.

तो समोर असता तर त्याने पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं. निदान आजचा दिवस तो इथे नको, म्हणून काल धाकट्याने थाप मारली. परगावच्या दुकानदाराचा फोन होता, नव्या पंख्यांना घरघर येतेय म्हणे.

दादाचा चेहराच उतरला. "मी ऐकून पाठवलेल्या पंख्यांना?" एवढंच तो बोलला आणि आज सकाळी उठून गेला. डबा विसरला म्हणून वहिनी फाटकापर्यंत धावली. खिडकीतून ते बघताना धाकट्याला स्वतःची लाज वाटली. हाक मात्र त्याने मारली नाही.

पाहुणे खूश होऊन गेले. संध्याकाळी दादा परतला तो काखेत एक पंखा घेऊन. स्टूल जागेवर नव्हतं. त्याने विचारलंही नाही, एका खोक्यावर टेकला.

"काय म्हणाला दुकानदार?" धाकट्याने विचारलं.

"म्हणतो, तक्रारच नाही. भला माणूस आहे, माझ्या तोंडावर कसा बोलेल? मग दुकानातले सगळे पंखे लावून ऐकले. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

"मग झालं तर."

"काय झालं? माझे कान गेले, दुसरं काय. तू उगाच कशाला सांगशील?"

"दादा, अरे ऐक..."

"सांभाळून घेऊ नकोस मला. ज्याला घरघर कळत नाही, त्याने पंख्यावर स्वतःचं नाव घालू नये. तो कराराचा कागद काढ. सही करतो."

दादाने पंखा टेबलावर ठेवून बटण दाबलं. पाती फिरू लागली. आवाज काडीचाही नव्हता. दादा मात्र एक कान पुढे करून, डोळे मिटून बसला होता. शाळेत असताना न येणारं गणित सोडवायला बसायचा, तसा.

"येतेय ना घरघर?" त्याने विचारलं.

धाकट्याने हात पुढे करून पंखा बंद केला.

"थोडीशी," तो म्हणाला आणि त्याने टेबलाचा खण उघडला.