डाव्या पुडीचा आवाज

अनुपमा पोलादपूरच्या एका शाळेत गाणं शिकवायची आणि राहायची महाडला. सकाळी एसटीने जायचं, दुपारी परत यायचं. नवरा शरद तहसील कचेरीत, मुलगी ईरा आठवीत. २००३ च्या दिवाळीत शरदच्या डोंबिवलीच्या भावाने, म्हणजे विलासभावजींनी, आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला. सोबत गाणी बसवायचं एक सॉफ्टवेअर होतं आणि ढोलकी, डफ, ताशा असल्या वाद्यांच्या तुकड्यांनी भरलेली एक सीडी.

अनुपमाला त्याचं वेड लागलं. आजवर ती शाळेच्या संमेलनाची गाणी कॅसेटवर बसवत आली होती. मुलींच्या पायांना लय झेपली नाही की टेप हळू करायचा, आणि टेप हळू केला की सूरही खाली घसरायचा. इथे तसं होत नव्हतं. सीडीवरचा ढोलकीचा प्रत्येक तुकडा थापेथापेला कापलेला होता. लय उतरवली की दोन थापांमधलं अंतर तेवढं वाढायचं, थाप मात्र जशीच्या तशी, त्याच सुरात. चार मात्रांचा तुकडा हवा तितका वेळ गोल गोल फिरत राहायचा. भावजी त्याला लूप म्हणायचे, म्हणून तीही लूप म्हणू लागली.

जानेवारीतल्या संमेलनासाठी तिने पाचवीच्या मुलींचं एक गाणं स्वतःच रचलं. चाल तिची, शब्दही तिचेच. ठेक्याला सीडीवरचा तिचा आवडता लूप घेतला. त्यात ढोलकीची टणटणीत चाट उजव्या कानात वाजायची आणि डाव्या पुडीचा, म्हणजे डावीकडच्या कातड्याचा, घुमणारा धूम डाव्या कानात. हेडफोन लावले की आपण ढोलकीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसलोय असं वाटायचं.

डिसेंबरच्या शेवटी तिला सर्दी झाली. एका रविवारी सकाळी स्वयंपाक आटोपून ती हेडफोन लावून बसली, तर ढोलकीतला धूम गायब. नुसतीच चाट वाजत होती.

तिला वाटलं, तुकडा खराब झाला. तिने तो काढून सीडीवरून पुन्हा घेतला. तरीही धूम नाही. पडद्यावर मात्र प्रत्येक थापेची रेघ जागच्या जागी होती आणि डाव्या बाजूची हिरवी पट्टी थापेबरोबर उसळत होती. तिने हेडफोनची पिन काढून स्पीकर लावले. धूम आला! म्हणजे हेडफोनचीच वायर गेली असणार. हायसं वाटून तिने पिन परत लावली, वायर हलवली, वाकवली, दाबली. काही उपयोग झाला नाही.

मग, का कोण जाणे, तिने हेडफोन उलटे घातले. डाव्या कानाचा उजव्यावर, उजव्याचा डाव्यावर.

आता धूम ऐकू आला. आणि चाट गेली.

ती तशीच बसून राहिली. लूप फिरतच होता. धूम, धूम, आणि मध्ये जिथे चाट यायला हवी तिथे काहीच नाही. तिने हेडफोन काढले, डाव्या कानाशी बोटं चोळली. मग उजव्या कानाशी चोळली. उजवीकडे कागद कुरकुरावा तसा आवाज आला. डावीकडे बोटं एकमेकांना लागलेली तेवढी कळली.

"सर्दीने दडा बसलाय," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाजही तिला एका बाजूनेच आला.

तिने तेल घातलं, वाफ घेतली, नाक दाबून फुंकलं. दडा सुटला नाही. दोन दिवसांनी सर्दी गेली आणि कानात एक बारीक शिट्टी उरली. कुकर कुठेतरी लांब वाजत राहावा तशी, न थांबणारी.

तिने कुणालाच सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर सारखे श्रीपतमामा येत होते. आईचे थोरले भाऊ. भजनात पखवाज वाजवायचे. पन्नाशीत कान गेले आणि पुढची वीस वर्षं ते ओटीवर बसून राहिले. आल्यागेल्याने त्यांच्यासमोर त्यांच्याचविषयी बोलावं, आणि त्यांनी आपलं, काहीतरी चांगलंच बोलत असतील असं धरून, मान डोलवावी. सुरुवातीला लोक ओरडून बोलायचे, नंतर तेही सोडून दिलं. अनुपमाला वाटायचं, आपण हे तोंडातून काढलं की ते खरं होईल. आणि बहिऱ्या बाईला गाणं शिकवायला कोण ठेवणार?

संमेलन तोंडावर आलं होतं. तिने डाव्या बाजूचा आवाज वाढवला. थोडा ऐकू आल्यासारखा वाटला म्हणून आणखी वाढवला. मग तर ती डोळ्यांनीच काम करू लागली. रेघ दिसतेय ना, पट्टी उसळतेय ना, मग आवाज असणारच. असं करत तिने अख्खं गाणं बसवलं.

"आई, मला ऐकव ना," म्हणत ईराने तिच्या डोक्यावरचे हेडफोन काढून आपल्या कानाला लावले, आणि दुसऱ्याच क्षणी ओरडून उपटून काढले.

"अगं, केवढ्याने! डावा कान फुटला माझा!" ती कान चोळत म्हणाली. "तुला लागत नाही?"

"चुकून राहिलं असेल वाढलेलं," अनुपमा म्हणाली. आणि तिने हेडफोन आपल्या मांडीवर ओढून घेतले.

ईरा तिच्याकडे बघत राहिली. मग ती अनुपमाच्या डाव्या बाजूला जाऊन काहीतरी बोलली असावी, कारण अनुपमाने वळून पाहिलं तेव्हा ती उत्तराची वाट बघत उभी होती.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," ईरा म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी शाळा सुटल्यावर अनुपमा नेहमीसारखी पोलादपूरच्या स्टँडकडे निघाली. स्टँडला जायला हायवे ओलांडावा लागायचा. महाबळेश्वरहून उतरलेल्या गाड्या, गोव्याकडचे ट्रक, सगळे तिथेच एकत्र येत. हॉर्न वाजला. तिला तो उजवीकडून आला. तिला आता सगळेच आवाज उजवीकडून येत होते, हे त्या घाईत तिच्या लक्षात आलं नाही. तिने उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, आणि तिने पाऊल टाकलं.

कुणीतरी तिचा दंड धरून तिला इतक्या जोरात मागे ओढलं की ती खडीवर बसली. पुढच्या गाडीला मागे टाकत डावीकडून आलेला ट्रक तिच्या समोरून वारा मारत निघून गेला. तिच्या पर्समधला डबा रस्त्यावर घरंगळला होता, तो चपटा झाला.

ओढणारी एक म्हातारी होती. कुडपणहून नाचणी विकायला उतरलेली, येसूबाई नावाची. हे नाव नंतर कळलं. आत्ता ती संतापून ओरडत होती.

"गो बाय, मरायचा हाय का तुला? एवढा भोंगा मारतोय तो, ऐकू येत नाय काय?"

अनुपमाने तोंड उघडलं. पंधरा-वीस माणसं जमली होती, सगळी तिच्याकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "येत नाही ऐकू. या कानाने येत नाही." आणि ती लहान मुलासारखी रडायला लागली.

येसूबाईचा राग कुठल्या कुठे गेला. ती शेजारी बसली. "रडू नको गो. घरात ठाव हाय का?"

अनुपमाने नकारार्थी मान हलवली.

"मंग आधी घरी सांग. येकटीनं भ्यायचं नसतं." तिने टपरीवरून पाणी आणून पाजलं, हात धरून रस्ता ओलांडून दिला आणि एसटीत खिडकीशी बसवलं. कंडक्टरला बजावलं, "हिला महाडात नीट उतरव रे."

संध्याकाळी शरद घरी आला तेव्हा अनुपमा दिवाही न लावता बसली होती. तिने सगळं सांगितलं. हेडफोन उलटे घातल्याचं, शिट्टीचं, ट्रकचं. त्याने दिवा लावला. मग म्हणाला, "आणि मला वाटत होतं तू माझ्यावर चिडलीयेस. रात्री तुझ्याशी बोलतो, तर तू पाठ फिरवून पडून राहतेस."

"उजव्या कुशीवर झोपते मी, अहो. मला काहीच ऐकू येत नाही तेव्हा."

दुसऱ्या दिवशी दोघं महाडातल्याच कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिली. मळ नव्हता, पडदा चांगला होता. अनुपमाला वाटलं, सुटलो. मग त्यांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा गुडघ्यावर आपटून तिच्या कपाळावर मधोमध टेकवला.

"कुठल्या बाजूला वाजतंय?"

"उजव्या."

डॉक्टरांनी तेवढंच टिपून घेतलं. "कधीपासून आहे हे?"

तिने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, शिकलेल्या तुम्ही. हे पहिल्या दिवशीच यायचं असतं हो. नुसता दडा असता तर ते डावीकडे वाजलं असतं; ही कानाची नस आहे. जितका उशीर तितकी परत मिळायची आशा कमी."

त्यांनी गोळ्या दिल्या, आणि मुंबईला जाऊन डोक्याचा एमआरआय करायला सांगितलं.

"कशासाठी?" शरदने विचारलं.

"नसेवर गाठ नाही ना, एवढं बघून घेऊ. बहुतेक नसते."

'बहुतेक' हा शब्द अनुपमा घरी घेऊन आली. भाजी चिरताना, ईराची वेणी घालताना तो तिच्याबरोबर असायचा. गोळ्यांनी झोप उडाली, तोंड सुजलं. शिट्टी आता तिला गाठीचाच आवाज वाटू लागली, कवटीच्या आत काहीतरी वाढत असल्याचा. आरशात ती आपला चेहरा वाकडा होतोय का ते बघायची. ईरा काही विचारायची नाही, पण आता ती आईशी बोलायला उजव्या बाजूला येऊन उभी राहायची. ते पाहिलं की अनुपमाला आणखी भीती वाटायची.

मुंबईत त्या नळकांड्यात तिला सरकवलं तेव्हा तिने डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. यंत्र धाडधाड वाजायला लागलं. एकच ठोका, एकाच लयीत, पुन्हा पुन्हा, आणि तोही एकाच कानात. ती मनात देवाचं नाव घेऊ लागली, तर नावही त्याच लयीत पडायला लागलं. तिने ते सोडून दिलं आणि नुसती ईराचं वय मोजत राहिली. ही बारावीला जाईल तेव्हा मी असेन का. हिचं लग्न होईल तेव्हा असेन का.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. भावजींच्या घरातल्या पलंगावर बसून शरदने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग तिच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाला, "नाही. गाठ नाहीये."

ती हसली नाही की रडली नाही. तिला एकदम भूक लागली. जाऊबाईंनी वाढलेला भात ती दोनदा मागून जेवली.

संमेलनाचं गाणं ईराने दुरुस्त केलं. आईच्या शेजारी बसून तिने डावी बाजू खाली आणली आणि दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या. मुली छान नाचल्या. पालकांनी टाळ्या वाजवल्या. विंगेत उभ्या असलेल्या अनुपमाला त्या सगळ्या एका कोपऱ्यातून आल्यासारख्या वाटल्या.

कानात थोडं परत आलं. फेब्रुवारीत एके दिवशी भिंतीपलीकडचं गिरणीचं जातं डाव्या कानाला लागलं, गोधडीआडून यावं तसं. बारीक आवाज आले नाहीत, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की येणारही नाहीत. "दुसरा कान मात्र जपा," ते म्हणाले. मुख्याध्यापिकांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पेटी वर्गात कुठे ठेवली म्हणजे तुम्हाला सगळ्या मुली ऐकू येतील?" पेटी डाव्या भिंतीशी सरकवली. नोकरी राहिली.

पण भीती गेली नाही. मे महिन्यात तिघं महाबळेश्वरला जाऊन आली. परतताना आंबेनळी घाटातून एसटी उतरू लागली, वळणं सुरू झाली, आणि अर्ध्या घाटात अनुपमाच्या उजव्या कानाला दडा बसला. इंजिनाचा आवाज कुणी वर उचलून न्यावा तसा गेला. पुढच्या सीटवरचं बाळ तोंड वासून रडत होतं, त्याचं रडणं नव्हतं. शरद काहीतरी म्हणत होता, नुसते ओठ हलत होते. ईराही हसून काही सांगत होती. अनुपमाने शरदचा हात इतका घट्ट धरला की तिची नखं त्यात रुतली. बाहेर दरी होती आणि तिच्या आत कुठलाच आवाज नव्हता. हे असं असणार, तिला वाटलं. एक दिवस हे असंच असणार.

शरदला कळलं. त्याने तिच्यासमोर मोठ्ठा आ वासून दाखवला, जांभई देतात तसा. तिने आ वासला. पुन्हा वासला. कानात काहीतरी टचकन फुटलं आणि सगळं एकदम कोसळलं. इंजिन, पत्रा, बाळाचा टाहो, ईराचं "आई, आई, काय झालं?", आणि दाराशी उभ्या कंडक्टरची हाक, "पोलादपूरचे कितीजण?"

"बोला," ती शरदला म्हणाली. तिला अजून धाप लागत होती. "काहीही बोला, अहो. महाड येईपर्यंत थांबू नका."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याने कचेरीतल्या नव्या साहेबांची, त्यांच्या हरवलेल्या चष्म्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली.