कोंबडीच्या लेबलाची रेकॉर्ड

माझ्या दुकानात जुन्या रेकॉर्डी विकत मिळतात आणि खरं बोलणं फुकट. रेकॉर्डवर ओरखडा असेल तर मी तसं सांगते, गाणारा बेसूर असेल तर तेही सांगते. त्यामुळे गिऱ्हाइकं मोजकी आणि मित्र त्याहून मोजके. कुणाचा ताल चुकला की माझं डोकं फिरतं. काका मला लहानपणापासून ‘ठिणगी’ म्हणतात, ते काही उगाच नाही.

हा कानही मला काकांनीच दिला. तरुणपणी ते आफ्रिकेतल्या एका बंदराच्या शहरात, रेकॉर्डी छापणाऱ्या कारखान्यात कामाला होते. तेव्हा तिथे डिस्को आणि सोल संगीत नुसतं उसळत होतं. बारा-बारा जणांचे बँड, तीन-तीन गिटारी, ट्रम्पेटवाले तर विचारूच नका. परत येताना काकांनी दोन पेट्या भरून रेकॉर्डी आणल्या आणि त्यांच्यावर पुढे माझं दुकान उभं राहिलं. त्या काळी तिथे कुणी त्यांना फारसं जपलं नाही. आता मात्र देशोदेशीचे शौकीन एकेका रेकॉर्डसाठी मला चार-चार पानी पत्रं लिहितात.

काकांना हवी होती ती एकच रेकॉर्ड मात्र त्या पेट्यांत नव्हती.

काकू त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. एकदा मागच्या स्टुडिओत एका डिस्को गाण्याला टाळ्या द्यायला माणसं कमी पडली, म्हणून गायिकेने ऑफिसातल्या पाचजणींना ओढून नेलं. त्यांच्यात काकू होती. टेप सगळ्यांना एकदाच ऐकवली. काका म्हणाले, “एक टाळी सारखी उशिरा पडतेय. ती तुझी.” काकू म्हणाली, “माझी बरोबर आहे. बाकीच्या घाईत आहेत.” तेव्हा त्यांचं लग्नही ठरलं नव्हतं. पुढे संसार अडतीस वर्षं चालला आणि त्याच्याबरोबर हे भांडणही. काकूला बाहेर पडायला पाच मिनिटं जास्त लागली, की काका दारात उभे राहून एक टाळी वाजवायचे. घरी पाहुणा आला की दोघं आपापली बाजू मांडायचे आणि बिचाऱ्याला गाणं न ऐकताच निवाडा करायला लावायचे.

काकू जाऊन तीन वर्षं झाली. काकांचा उजवा कान कधीच गेलाय, आणि आता डावाही चाललाय. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर वर्षभर. त्या दिवशी ते दवाखान्यातून थेट माझ्या दुकानात आले.

“ठिणगे, ते गाणं शोध. मी तिला जन्मभर चिडवलं. तिचंच बरोबर असेल तर? ऐकू येतंय तोवर मला कळायला हवं. चूक माझी असली तर तिची माफी मागायचीय.”

मी खुर्ची पुढे ओढली आणि खेकसले, “आधी बसा तुम्ही!”

सहा महिने शोधलं. ओळखीच्या, अनोळखी, सगळ्या संग्राहकांना लिहिलं. उत्तर एकच यायचं: गाण्याचं नाव कंपनीच्या यादीत सापडतं, पण ते कधी छापलंच गेलं नाही, महिन्याभरात कंपनी बंद पडली. मी ते वाचून दाखवलं की काका म्हणायचे, “छापलं. मी माझ्या हाताने छापलं.” आणि जमिनीकडे बघत बसायचे. एका सकाळी माझा संयम सुटला.

“काका, तुमच्या शब्दावर मी सगळ्या जगाला खोटं पाडत सुटलेय. काय लपवताय ते सांगा.”

चष्मा पुसत ते बोलू लागले. “रेकॉर्डला लेबल डकवत नाहीत, माहितीय ना तुला? वाळवलेलं लेबल एक खाली, एक वर, मध्ये प्लास्टिकचा गरम गोळा, आणि प्रेस दाबायची. लेबल अंगातच बसतं, नखाने खरवडलं तरी निघत नाही. त्या दिवशी तिच्या गाण्याचा साचा माझ्या प्रेसवर लागला. पहिली रेकॉर्ड तिच्या हातात द्यायची, एवढंच डोक्यात. त्या नादात मी शेजारच्या प्रेसची लेबलं उचलली. तीनशे निघाल्यावर लक्षात आलं.”

“कसली लेबलं?”

“कोंबडीपालन,” काका पुटपुटले. “शेतकी खात्याची माहितीची रेकॉर्ड होती. कोंबडी आणि तीन पिल्लं.”

“आणि काकूला सांगितलं नाहीत?”

“उशिरा टाळी दिली म्हणून चिडवणारा मी. कुठल्या तोंडाने सांगणार होतो, की तुला मी कोंबडी करून टाकलं? म्हटलं, साचा तडकला. तीनशेच्या तीनशे खात्याकडे गेल्या.”

“खात्याची तक्रार नाही आली?”

“आली की. आणखी शंभर पाठवा म्हणून.”

एरवी मी हसून लोळले असते. पण ती कोंबडी मी पाहिली होती. गेल्या वर्षी बोटीवरच्या एका निवृत्त आचाऱ्याकडून आफ्रिकन रेकॉर्डींचं खोकं आलं, त्यात ती सगळ्यात वर होती. मी लेबल वाचलं, नाक मुरडलं, आणि सुई न टेकवताच ती दाराबाहेरच्या फुकटच्या टोपलीत टाकली. कानाचा एवढा तोरा मिरवणारी मी, आणि डोळ्यांनी निकाल देऊन मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या घड्याळवाल्याने नेली. तो टाकाऊ रेकॉर्डींची भिंतीवरची घड्याळं करतो.

मी काकांचा हात धरून अक्षरशः धावले. कोंबडी त्याच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर होती, पोटावर दोन काटे घेऊन.

“ताई, ते विकायचं नाही,” घड्याळवाला म्हणाला. “त्या कोंबडीकडे बघून तर लोक आत येतात.”

काका भिंतीला नाक लावून लेबल बघत होते. वळून म्हणाले, “अहो, त्यात माझी बायको आहे.”

घड्याळवाल्याने एकदा कोंबडीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग काही न विचारता त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

काटे बसवायला त्याने मधलं भोक कानशीने मोठं केलं होतं. माझ्या दुकानात परत येऊन मी रेकॉर्ड धुतली, पुसली, आणि डोळ्यांच्या अंदाजाने मधोमध ठेवली. “सूर थोडे डुलतील,” मी बजावलं, “पण भोकामुळे टाळी मागे-पुढे होत नाही.” काकांनी डावा कान स्पीकरला लावला. त्यांच्या उजव्या हाताला काकूचं स्टूल होतं. दुकानात आली की ती तिथेच बसायची, आणि अजून मी त्यावर कुणाला बसू देत नाही.

खरखर झाली, मग बास गिटार आली, मग ट्रम्पेट, मग ती गायिका. आणि मग टाळ्या. चार जणींची एक, आणि तिच्यामागून, अगदी ठणठणीत, एकटी पाचवी. दर वेळी उशिरा. दर वेळी तितक्याच आत्मविश्वासाने.

काकांनी मांडीवर थाप मारली. “बघ! मी म्हणत नव्हतो?” असं म्हणत ते हात उंचावून जिंकल्यासारखे उजवीकडे वळले. स्टूल रिकामं होतं. त्यांचा हात तसाच वर राहिला. गाणं चालू होतं, टाळी येत होती.

“परत लाव,” ते म्हणाले.

मी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. काकांनी डोळे मिटले होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“नाही गं,” अखेर ते म्हणाले. “तिचंच बरोबर होतं. बाकीच्या घाईत होत्या. तुझा कान काय म्हणतो?”

माझा कान काय म्हणत होता ते माझं मला ठाऊक. या दुकानात वीस वर्षांत मी खोटं बोललेले नाही.

“बरोबर आहे, काका. बाकीच्याच घाईत होत्या.”

“सेकंदाशी माझा रोजचा संबंध आहे,” आमच्या मागोमाग आलेला घड्याळवाला दारातून म्हणाला. “बाई अगदी वेळेवर आहेत.”

काकांनी मान हलवली, आणि स्टुलाकडे तोंड करून, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, “चुकलो बरं का मी. आणि हो, त्या कोंबडीबद्दलही.”