केर्स्टनसाठी भरलेले कॅन

माझा नवरा आर्लिन घरी बिअर करतो. त्याबद्दल मला कुणाला काही सांगावं लागत नाही, कारण सगळं तोच सांगतो. पाहुण्याने अंगातला कोट काढायच्या आत त्याला तळघरात नेलेलं असतं. तिथे स्टीलची पिंपं, नळ्या, एक जुना फ्रिज आणि भिंतीवर जिल्ह्याच्या जत्रेत मिळालेल्या पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फिती. आमच्या लग्नाचा फोटो जिन्याच्या वळणावर आहे, फिती मात्र अगदी समोर. "माझ्या घरातून खराब कॅन कधी बाहेर गेलेला नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. चर्चच्या पायरीवरही त्याने ते लोकांना ऐकवलंय.

पूर्वी तो बाटल्या भरायचा. मग त्याने कॅनला झाकण बसवायचं यंत्र आणलं आणि बाटल्यांना नावं ठेवायला लागला. कॅनमध्ये उजेड जात नाही, हवा जात नाही, बिअर महिनोन् महिने ताजी राहते, वगैरे वगैरे. आमचे कॅन छापील नसतात. कोरे, चंदेरी, सगळे एकसारखे.

दर जुलैत आर्लिनचं सगळं खानदान आमच्या अंगणात जमतं. घोड्यांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी डोण आम्ही बर्फाने भरतो आणि तिच्यात ते कॅन खुपसतो. शेगडीवर ब्राट, म्हणजे आमच्या शेबॉयगनचे सॉसेज, भाजत असतात, आणि तेसुद्धा आधी बिअरमध्ये उकळलेले. आमच्याकडे जुलैत कुणी रिकाम्या हाताने उभा दिसला, तर लोक त्याची तब्येत विचारतात.

आमची लेक केर्स्टन दोन उन्हाळे आली नव्हती. ती मिनियापोलिसला असते. ती किती पीत होती हे आम्हाला कळलं तेव्हा ती हॉस्पिटलात होती. त्यानंतर तिने सोडली, कायमची, आणि अजून थेंबाला शिवलेली नाही. पण तळघरभर बिअर असलेल्या बापाच्या घरी तिने यायचं तरी कसं? नाताळला आम्हीच तिच्याकडे जायचो. बोलायचो, हसायचो, आणि परत यायचो.

या मे महिन्यात तिचा फोन आला.

"आई, मला यावंसं वाटतंय गं जुलैत," ती म्हणाली. "बिअर दिसली म्हणून मी काही कोसळणार नाही. इथे मी बिनदारूची बिअर पिते, मला चालते ती. पण तिकडे दुकानातला वेगळा कॅन हातात दिसला, की गॉर्डीकाका विचारणारच. मग का, कधीपासून, काय झालं होतं. सगळ्या अंगणासमोर. ते मला नाही जमायचं."

गॉर्डी म्हणजे आर्लिनचा धाकटा भाऊ. मनाने सोन्यासारखा, आवाजाने भोंग्यासारखा.

मी आर्लिनला सांगितलं. तो ताट तसंच टाकून तळघरात गेला.

आठवडाभराने त्याने माझ्यापुढे एक पेला ठेवला. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय आहे? पाव भिजवलेलं पाणी?"

"बिनदारूची बिअर आहे," तो म्हणाला. "तिच्यासाठी. आपल्याच कॅनमध्ये भरायची. दिसायला सगळ्यांच्यासारखी. गॉर्डीचा बापही ओळखणार नाही."

"गॉर्डीचा बाप तुझाही बाप होता, आर्लिन."

"मग तर नाहीच ओळखणार. त्याला चवच नव्हती."

बिअर करण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला बिअरमधून दारू वगळायला किती कष्ट पडतात ते मी त्या दोन महिन्यांत पाहिलं. धान्य कमी घ्यायचं, नेहमीपेक्षा गरम पाण्यात भिजवायचं, आणि असं यीस्ट घालायचं की जे साखर जेमतेम चाखून झोपी जातं. दुसरी खेप आंबट झाली. तिसरीचा पेला मात्र मी संपवेपर्यंत खाली ठेवला नाही, आणि आर्लिन माझ्याकडे जत्रेतल्या परीक्षकाकडे बघतात तसा बघत होता.

कॅन आम्ही दोघांनी भरले. तो नळी कॅनच्या बुडापर्यंत घालून बिअर सोडायचा. काठावर फेस आला की मी झाकण ठेवायचे. बिअरवर नाही, फेसावर, म्हणजे आत हवा राहत नाही. मग तो कॅन यंत्रावर चढवून दांडा फिरवायचा आणि झाकण कडेने दुमडून घट्ट बसायचं. माझी बोटं चिकट व्हायची, तो मला "जरा लवकर" म्हणायचा, मी त्याला "स्वतः ठेव मग" म्हणायचे. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एका बाकड्याशी उभे राहिलो नव्हतो. मला फार बरं वाटत होतं, हे त्याला सांगितलं नाही, इथे सांगते.

दारू नसली की त्या बिअरमध्ये साखर शिल्लक राहते आणि बंद कॅनमध्ये नंतर काहीही वाढू शकतं. म्हणून हे कॅन गरम पाण्यात ठेवून काढावे लागतात. त्याआधी आर्लिनने प्रत्येकाच्या बुडाला निळ्या पेनाने बारीकसा ठिपका दिला होता, फक्त आम्हाला कळावा असा. पेनावर 'कधीही पुसलं जात नाही' असं छापलं होतं. गरम पाण्यातून काढून मी कॅन पुसले, तर सगळे ठिपके माझ्या टॉवेलवर.

"राहू दे," आर्लिन म्हणाला. "खालच्या फळीवर वेगळे ठेवतो, वर टॉवेल टाकतो. तळघरात जातंय कोण?"

"तू सगळ्या गावाला नेतोस."

"त्या दिवशी नाही नेणार."

केर्स्टनला त्याने फोन केला. तो आपणहून फोन करणारा माणूस नाही. "तुझे कॅन तयार आहेत," एवढंच म्हणाला. "चंदेरी. सगळ्यांसारखे. बिनधास्त ये." ती म्हणाली, "येते, बाबा."

समारंभाच्या दिवशी आर्लिन पाव आणायला बेकरीत गेला होता. मी केर्स्टनचे ब्राट वेगळ्या भांड्यात कांद्याच्या पाण्यात उकळत होते. गॉर्डी मदतीला म्हणून नेहमीप्रमाणे लवकर आला. त्याची मदत कुणी मागत नाही, पण तो करतो. मी खिडकीतून पाहिलं तर डोण काठोकाठ भरलेली. मनात म्हटलं, चला, एक काम झालं. इतक्यात आर्लिन पावाच्या पिशव्या घेऊन दारात आला आणि त्याच्यामागून गॉर्डी.

"सगळे कॅन वर आणले बघ," गॉर्डी म्हणाला. "खालची फळीसुद्धा रिकामी केली. टॉवेल घडी घालून ठेवलाय."

माझ्या हातातला झारा भांड्यात पडला. आर्लिन पिशव्या घेऊन तसाच उभा. गॉर्डी शिट्टी वाजवत बाहेर गेला.

"वजन करून कळेल का?" मी हळूच विचारलं.

"नाही."

"हलवून? वास घेऊन?"

"बंद कॅनला कसला वास, डोरीन!" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "फोडल्याशिवाय नाही कळायचं. आणि फोडलेला कॅन परत बंद करता येत नाही."

"मग तिला सरबत दे. मी सांगते तिला आल्या आल्या."

"हो. आधी तिला गाठू."

पण तेवढ्यात गाडी आली. आम्ही अंगणात पोचेपर्यंत गॉर्डी फाटकाशी पोचला होता. त्याने केर्स्टनला एका हाताने कवेत घेतलं आणि दुसऱ्या हाताने बर्फातून काढलेला कॅन तिच्या हातात कोंबला.

"दोन वर्षं कुठे होतीस गं पोरी? घे, तुझ्या बापाची कमाल!"

केर्स्टनने कॅनकडे पाहिलं. चंदेरी. मग लांबून आर्लिनकडे पाहून ती हसली. तिला वाटलं, ठरल्याप्रमाणे सगळं नीट चाललंय. बापाने शब्द दिला होता, तिने तो धरला होता. तिने बोट झाकणाच्या कडीखाली घातलं.

आर्लिनचा गुडघा दुखरा आहे, जिना उतरायला त्याला कठडा लागतो. तो माणूस खुर्च्या बाजूला सारत अंगण ओलांडून धावला आणि त्याने तिच्या हातातला कॅन हिसकावून घेतला. तोच फोडला आणि घोट घेतला. खरी बिअर होती. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

तो कॅन त्याने गॉर्डीच्या हातात दिला. डोणीतून दुसरा काढला, फोडला, घोट घेतला, कुणा भाच्याला दिला. तिसरा काढला.

"अरे, तहान लागलीय का काय?" गॉर्डी म्हणाला. "पोरीच्या तोंडचा का काढतोस?"

सगळं अंगण बघायला लागलं. केर्स्टनचा चेहरा उतरला. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं. आर्लिनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डोणीकडे. मग मान खाली घालून म्हणाला, "खेप बिघडलीय. यातले काही कॅन खराब आहेत. माझ्या मुलीला खराब कॅन मिळायला नको."

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग गॉर्डीने तो भोंगा लावला.

"ऐका रे सगळे! आर्लिन फोल्करचे कॅन खराब निघाले! त्याच्या स्वतःच्या तोंडून!"

मग काय विचारता. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याची भाषणं ऐकून घेतली होती त्यांना आज सण होता. गॉर्डीची बायको लूअ‍ॅन म्हणाली, "मग फिती परत द्यायला तू जाणार, का मी पोस्टाने पाठवू?" कुणी म्हणालं, "तरीच, मला गेल्या वर्षीच शंका आली होती." आर्लिन "हो, हो" म्हणत मान डोलवत होता आणि कॅन फोडत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. नाकावर माशी बसू न देणारा माझा नवरा! तिथल्या तिथे सगळ्यांना फैलावर घ्यावं असं मला वाटत होतं, आणि त्याला मिठी मारावी असंही. पण मी गप्प राहिले, कारण ते गुपित माझं नव्हतं.

शेवटी एका कॅनचा घोट घेऊन तो थांबला. पुन्हा एक घोट घेतला, खात्री करायला. मग तो कॅन त्याने केर्स्टनला दिला.

"हा चांगला आहे," तो म्हणाला.

केर्स्टनने घोट घेतला. तिच्या आता सगळं लक्षात आलं. तिने बर्फातल्या त्या एकसारख्या कॅनकडे पाहिलं, पायाशी फोडून ठेवलेल्यांकडे पाहिलं, आणि मग बापाच्या कानांकडे. गॉर्डी अजून बोलतच होता. पुढच्या नाताळपर्यंत तरी तो हे सोडणार नव्हता.

"काका," केर्स्टन म्हणाली. "खेप बिघडलेली नाही."

"अगं, तोच म्हणतोय!"

"तो खोटं बोलतोय. माझ्यासाठी." तिने एक मोठा श्वास घेतला. "मी पीत नाही आता. प्यायचे, खूप. हॉस्पिटलात होते. म्हणून आले नाही दोन वर्षं. बाबाने माझ्यासाठी बिनदारूची केलीय, आणि तिचे कॅन त्याच्या कॅनमध्ये मिसळलेत. त्याचा एकही कॅन खराब नाहीये. एकही नाही."

शेगडीवर ब्राट करपायला लागले तरी कुणी हललं नाही. आर्लिनने डोळे मिटून घेतले होते. दोन महिने ज्यासाठी झटला, तेच तिने सगळ्यांदेखत उघडं केलं होतं, आणि कशासाठी, तर त्याच्या त्या वेड्या अभिमानासाठी.

गॉर्डी डोणीपाशी गेला, एक कॅन काढला, फोडला, घोट घेतला आणि विचारात पडला.

"आर्लिन," तो म्हणाला, "ही तिची आहे का रे?"

आर्लिनने त्याच्या हातून कॅन घेऊन चाखला आणि मान हलवली. "तिचीच."

"घे गं पोरी," गॉर्डी हळू आवाजात म्हणाला. हळू म्हणजे, त्याच्या मानाने.

मग तेच सुरू झालं. अंगणात जो कुणी कॅन फोडेल तो आधी जपून घोट घ्यायचा आणि "केर्स्टन, ही तुझी!" म्हणून ओरडायचा. कॅन हातोहात पुढे यायचा, आर्लिनकडे थांबायचा, त्याने चाखून होकार दिला की मगच तिच्यापर्यंत पोचायचा. लूअ‍ॅनने तर एक कॅन मुलांच्या पळापळीतून दोन्ही हातांनी धरून आणला, आणि देताना केर्स्टनच्या डोक्यावर ओठ टेकले. गॉर्डीच्या मिशांचा फेस कॅनच्या काठाला लागलेला मला दिसत होता, पण मी काही बोलले नाही.

ऊन उतरलं तेव्हा केर्स्टनपुढच्या टेबलावर तसले उष्टे कॅन दाटीने उभे होते आणि ती "पुरे, पुरे" म्हणून हसत होती. आर्लिन तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. पुढच्या वर्षी येशील का, एवढंच मला तिला विचारायचं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती. मी पाव कापत होते, कान त्यांच्याकडे होते.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या जुलैत जरा कडू करशील?"

"किती कडू?" आर्लिनने विचारलं, आणि तिच्यापुढचा एक कॅन उचलून पुन्हा चाखला.