किडन्या ठणठणीत

भाचा मोटारसायकलवरून पडला, मांडी फाटली, जखमेतला जंतू रक्तात शिरला आणि पोरगं मावशीच्याच अतिदक्षता विभागात येऊन पडलं. मावशी तिथली मुख्य डॉक्टर. रोज सकाळी ती काचेच्या दाराबाहेर येई आणि थोरल्या बहिणीला एक तरी चांगली बातमी देई, "ताई, किडन्या मात्र ठणठणीत आहेत गं. लघवी भरपूर होतेय."

ताई तेवढ्यावर दिवस काढी. लेकाच्या लघवीचं कौतुक तिनं साऱ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. तो वर्गात पहिला आला होता तेव्हाही एवढे फोन झाले नव्हते.

पण ताप हटेना. हा जंतू याच अँटिबायोटिकनं मरतो, असं प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगत होती. मग मरत का नव्हता मेला? रक्तदाबही घसरायला लागला, तेव्हा मावशीनं पुढचा डोस देण्याआधी रक्त काढलं आणि त्यात औषध किती उरलंय ते मोजायला पाठवलं.

प्रयोगशाळेतून फोन आला. "मॅडम, औषध सुरू केलंय ना?"

"काहीतरीच काय विचारता! नळ्यांची अदलाबदल झाली असेल तुमच्याकडे."

"दोनदा तपासलं. रक्तात जवळजवळ काहीच नाही."

पलंगाला लघवीची पिशवी टम्म फुगून लटकत होती. तिच्याकडे बघताना मावशीला उलगडा झाला. तरुण शरीर, संसर्गानं उसळलेलं रक्त, किडन्या नेहमीपेक्षा कितीतरी जोरात उपसा करणाऱ्या. ठरल्या मापाचा डोस आत जातो न जातो तोच लघवीवाटे बाहेर. ती ज्याचं कौतुक करत होती, तेच पोराच्या जिवावर उठलं होतं. हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. इतरांना तिनंच शिकवलं होतं, आणि घरचं माणूस समोर आल्यावर अक्कल गहाण पडली.

तिनं डोस वाढवला, तोही थांबून थांबून न देता सलग ठिबकत ठेवला. मग बाहेर जाऊन ताईला एक अक्षर न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे तू देत होतीस, पण त्याला मिळत नव्हतं?"

"हो."

ताईनं हातातला फोन पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, रक्तदाब सावरला. मावशी धावतच बाहेर आली. "ताई, वाचला गं!"

ताई हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून उभी राहिली.

"फार उपकार झाले, डॉक्टर," ती म्हणाली. "आता त्याला तुम्ही नका बघू. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."