डोहावरचे व्याही

मेडिकलवाल्यांनी गळाला लावलेलं आमिष पाण्यात पडायच्या आधीच सुटून गेलं. ही दुसरी वेळ. नावेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या व्याह्यांनी ते पाहिलं, पण एरवी मारला असता तसा टोमणा मारला नाही. आमिषाचा डबा तेवढा पायाने पुढे सरकवला.

"हात ओले आहेत," मेडिकलवाले म्हणाले.

"असू द्या. घाई कुठे आहे."

उन्हाळा भरात होता. नदी एवढी रुंद, की एरवी समोरच्या काठावरचा माणूस ओळखू येत नसे. आता मात्र मधोमध वाळूचे पट्टे उघडे पडले होते आणि पाणी त्यांच्यातून वाट काढत होतं. धक्क्यावर नाव देतानाच नाववाल्याने सांगितलं होतं, "या आठवड्यात काही खरं नाही. पाणी तापलंय, मासे डोहात तळाला बसलेत. उन्हं वर यायच्या आत लागला तर लागला. आणि लागलाच, तर फार खेळवू नका. गरम पाण्यात दमलेला मासा सोडून दिला तरी वाचत नाही."

मुलांचं लग्न झाल्यापासून दोघे दर उन्हाळ्यात असे गळ टाकायला येत. मासा घरी न्यायचा नाही. धरायचा आणि सोडायचा. "मग जाता तरी कशाला?" असं दोघांच्याही बायका विचारत. व्याही जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. बोलायला लागले की कुठल्याच स्टॉपवर थांबत नसत. आज मात्र ते सकाळपासून गप्प होते.

मेडिकलवाल्यांना कारण ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. परवा संध्याकाळी मुलगी दोन बॅगा घेऊन माहेरी आली होती. "पटत नाही," एवढंच म्हणाली. त्यांनीही खोदून विचारलं नाही. भांड्याला भांडं लागतंच; चार दिवस राहील, राग निवळेल, मी व्याह्यांशी नावेत निवांत बोलतो, असं त्यांनी बायकोला सांगितलं, मुलीच्या देखतच. मुलगी आत निघून गेली. तेव्हापासून ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते.

त्यांनी घसा खाकरला.

"व्याही, एक बोलायचं होतं."

"हं." व्याह्यांनी मान वळवली नाही. "मलाही."

तेवढ्यात व्याह्यांच्या गळाच्या छडीचं टोक वाकलं आणि रिळावरून दोरा सरसर सुटू लागला.

"वल्हं मारा," व्याही म्हणाले. "बुडालेल्या झाडाकडे चाललाय. मध्ये घ्या, मध्ये."

मेडिकलवाल्यांनी वल्ही धरली. मासा एकदम तळाला गेला आणि दगडासारखा बसून राहिला.

"ओढू नका, तुटेल."

"मी कुठला ओढतोय? तोच ओढतोय मला."

मग दोघांनाही बोलायला सवड राहिली नाही. व्याही दोरा सोडत, गुंडाळत. मेडिकलवाले नाव वळवत. अखेर रुंद डोकं वर आलं, मग लांब मिशा, मग काळपट पाठ. मेडिकलवाल्यांनी हातजाळी खाली घातली. इतक्या वर्षांत एवढा मोठा मासा दोघांनी धरला नव्हता. पण फोटोसाठी कुणीच फोन काढला नाही, कारण मासा कुशीवर कलंडत होता.

व्याह्यांनी पाण्यातच गळ सोडवला. दोघे कडेला ओणवे झाले. एकाने डोक्याखाली हात घातला, दुसऱ्याने शेपटी धरली, तोंड प्रवाहाकडे करून. नाव त्या अंगाला कलली. माशाचे कल्ले सावकाश हलत होते.

"परवा तिला मीच आणून सोडली," व्याही पाण्याकडे बघत म्हणाले. "तुमच्या गल्लीच्या तोंडाशी."

"टॅक्सीने आले म्हणाली."

"तिनेच सांगू नका म्हटलं होतं. मला फोन केला, मी गाडी घेऊन गेलो. बॅगा मीच उचलल्या. पोरानं हात उचलला तिच्यावर. पहिल्यांदा नाही."

मेडिकलवाल्यांच्या हातातून शेपटी निसटू लागली; त्यांनी ती पुन्हा धरली. ते म्हणाले, "मग मला का नाही केला फोन?"

व्याह्यांनी माशाचं डोकं प्रवाहाकडे नीट धरलं.

"मीही तेच विचारलं गाडीत. म्हणाली, बाबा परत पाठवतील."

माशाने अंग आवळलं, एक हिसका दिला आणि तो खाली निघून गेला. दोघांचे हात तसेच पाण्यात राहिले.

"तुम्हाला काही बोलायचं होतं," व्याही म्हणाले.

"नाही. काही नाही."

"पाठवू नका तिला. मी त्याचा बाप आहे, म्हणून सांगतो."

ऊन वर आलं होतं. दोघांनी दोरे गुंडाळले. परतताना वल्ही मेडिकलवाल्यांनीच मारली. व्याह्यांनी दोनदा मागितली, तरी दिली नाहीत.

"लागलं का काही?" धक्क्यावर नाववाल्याने विचारलं.

"यांना लागला. मोठा होता."

"वाचला?"

"गेला पोहत."

काठावर चढताच मेडिकलवाल्यांनी घरी फोन लावला. बायकोने विचारलं, "बोललात का? काय म्हणाले? कधी पाठवायचं?"

"ती उठलीय?"

"उठलीय. चहा घेतेय."

"तिच्या खोलीत मी दुकानाची खोकी रचून ठेवलीत ना, त्यांना हात लावू नकोस. जड आहेत. मी येऊन काढतो."

"सगळी? आणि ठेवणार कुठे?"

"बघतो."

फोन खिशात टाकून ते वळले. व्याही गाडीच्या मागच्या सीटवरच्या छड्या काढून टपावर बांधत होते.

"आधी तुमच्याकडे जाऊ," ते दोरीची गाठ आवळत म्हणाले. "खोक्यांना जागा करतोय. माझ्या घरी ठेवू."