माझ्या नळाखालची बाटली

मी गांडुळांची पेटी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. मला नीट वागवलं तर माझा वास येत नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्या 'नीट'वरूनच घडलंय.

मी म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रे, वर झाकण आणि तळाशी छोटा नळ. वरच्या ट्रेमध्ये गांडुळं भाजीची सालं, चहाचा चोथा, फाडलेले कागद खातात आणि त्याचं खत करतात. जास्तीची ओल झिरपून तळाशी साठते. ती काढून टाकता यावी म्हणून नळ. काढून टाकता यावी म्हणून. मुद्दाम दोनदा सांगतेय, कारण आमच्या घरी हे बरेच दिवस कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

मला आणलं लेकीनं. ती नर्स आहे. तिच्या वडिलांचा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेला, म्हणून सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणते. काम सुटल्यावर ते गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांना सूचना द्यायचे. "आरसा बघ बाबा, आरसा." खाली कुणाला ऐकू जायचं नाही आणि वर घरी कुणी यायचं नाही. बाबांना काहीतरी उद्योग हवा, असं लेकीला वाटलं. तो उद्योग म्हणजे मी.

सुरुवात बरी झाली. नळातून आलेलं तपकिरी पाणी मास्तरांनी कपभर घेतलं, बादलीभर साध्या पाण्यात मिसळलं आणि मलूल गुलाबाच्या मुळाशी घातलं. गुलाबाला पालवी फुटली. खरं तर त्याला पहिल्यांदाच कुणी वेळेवर पाणी घालत होतं, पण श्रेय गेलं नळाला.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गुलाब पाहिला आणि बाटलीभर पाणी मागितलं. मग औषधाच्या दुकानदाराला हवं झालं, मग लिफ्टवाल्याला. दारावरची घंटा वाजायला लागली. मास्तर सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि येणाऱ्याला शिकवायचे, "एकदम ओतायचं नाही. क्लच सोडतो तसं, हळूहळू." मलासुद्धा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण मी काही पाणपोई नव्हे. माझ्यातून निघून निघून पाणी निघणार किती? नळाखाली बाटली भरेना, तेव्हा मास्तरांनी शक्कल लढवली. वरून पेलाभर पाणी ओतलं. मग तांब्याभर. मग कलिंगडाच्या साली, सडक्या काकड्या, आणि वर पुन्हा पाणी. खालून येतंय ना, मग झालं!

अहो, गांडुळं कातडीतून श्वास घेतात. ओल त्यांना हवीच, पण डबकं झालं की जीव गुदमरतो. बिचारी धडपडत वर चढली आणि झाकणाला चिकटून बसली. मास्तरांनी झाकण उघडलं, कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "बघा, कशी खुशीत आहेत. भेटायला वर आलीत." आणि झाकण लावून टाकलं. कपाळाला हात लावावा म्हटलं, तर मला कपाळही नाही आणि हातही नाही.

पुढे नळातून काळं पाणी यायला लागलं. नासक्या अंड्यासारखा वास. शहाण्या माणसानं ते गटारात ओतलं असतं. मास्तर म्हणाले, "या खेपेला चांगलं कडक उतरलंय." साधं पाणी न मिसळता तीच बाटली काकूंच्या हातात दिली.

काही दिवसांनी काकू आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, माझं लिंबाचं रोप गेलं वाटतं. पानं करपून गळली सगळी."

त्या गेल्यावर कामावरून आलेल्या लेकीनं माझं झाकण उघडलं. आत वाकून पाहिलं.

"बाबा, ही बुडतायत. जीव वाचवायला वर आलीत. पाणी कुणी घातलं?"

"थोडंसंच घातलं गं."

"आता बाटल्या बंद. नळ उघडाच राहू दे."

मास्तर खुर्चीत बसले. "मग लोकांना काय सांगू? बाटली नसली तर कोण कशाला येईल माझ्याकडे?"

इतके दिवस मी त्यांच्यावर धुमसत होते. त्या क्षणी मात्र मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच रागही आला.

लेकीनं तळातली मेलेली गांडुळं काढली. मास्तर जुनी वर्तमानपत्रं आणि पुठ्ठे फाडून माझ्यात घालायला लागले, ओल शोषली जावी म्हणून. तेवढ्यात घंटा वाजली. काकू रिकामी बाटली परत द्यायला आल्या होत्या.

"पाणी संपलं. आता मिळायचं नाही," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "तुमचं लिंबू माझ्यामुळे गेलं."

काकूंनी कागदांचा ढीग पाहिला, चपला काढल्या आणि खाली बसल्या. "किती बारीक फाडायचे?"

"बोटाएवढे. अहो, इतके जाड नाही."

आता नळ उघडा असतो. त्यातून कधी थेंब पडतो, कधी पडत नाही. काकू येतात, दुकानदार येतो, कागद फाडता फाडता गप्पा होतात. तुमच्याकडे माझी कुणी बहीण असेल, तर तिच्या नळाखाली बाटली धरून बसू नका, झाकण उघडून आत बघत जा. आणि घरी माणसं यावीत असं वाटत असेल, तर सरळ 'या' म्हणा. आमच्या मास्तरांना हे कळेपर्यंत माझी निम्मी गांडुळं मेली.