भट्टीवरून केसांवर

मित्रांनो, मी एक जुना, जड आणि दिसायला थेट गोगलगायीसारखा भाता आहे. भाता म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लोहाराचा चामड्याचा भाता येत असेल. तो माझा लांबचा नातेवाईक; आमचं जाणं-येणं नाही. मी बिडाचा आहे. पोटात पंखा, कुशीला दांडा आणि पुढे नळी. दांडा फिरवला की नळीतून वारा येतो. मला एवढंच येतं. पण एवढ्यावर मी परदेशात जाऊन आलो आहे. विट्यातल्या आमच्या गल्लीत हा मान फक्त तिघांना मिळाला, आणि बाकीचे दोघे माझ्याबरोबरच होते.

माझा जन्म सांगलीतल्या एका फाउंड्रीत झाला. माझ्याबरोबर ओतलेले भाऊ विहिरीवरच्या पंपांत गेले आणि आयुष्यभर पाण्यात राहिले. माझ्या नशिबी आग आली. विट्याच्या नानासोंनी मला विकत घेतलं आणि रेल्वेत पायाशी ठेवून थेट केरळात, त्रिशूरला नेलं. विट्याकडची माणसं अशी गावोगाव सोनं गाळायला जातात. जुना दागिना वितळवायचा आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, या धंद्याला गलाई म्हणतात. नानासो भट्टी पेटवत आणि मी तिच्यावर वारा घाली. माझ्यापुढे बांगड्या वितळल्या, पाटल्या वितळल्या, एकदा तर एका सावकाराचा सोन्याचा दातही वितळला. दात वितळताना सावकार समोरच बसला होता. फार गंभीर प्रसंग होता.

गलाईच्या दुकानात एक नियम असतो. काही म्हणजे काही फेकायचं नाही. फरशी झाडली की केर डब्यात. हात धुतले की पाणी बादलीत. वर्षअखेरीला तो केर जाळून, गाळून त्यातले सोन्याचे कण काढायचे. नानासो शिंकसुद्धा रुमालात देत आणि रुमाल केराच्या डब्यात टाकत. दुकानातल्या पायपुसण्याला त्यांनी जेवढं जपलं, तेवढं पुढे जावयालाही जपलं नाही.

मग गॅसची भट्टी आली आणि माझं काम संपलं. नानासो म्हातारे होऊन विट्याला परतले, मीही परतलो आणि खाटेखाली गेलो. तिथे एक कोंबडी माझ्या कुशीत अंडी घालून बसू लागली. जन्मभर मी दुसऱ्यांना तापवत आलो होतो. मला उबवणारी ती पहिलीच.

खाटेखालून मला ओढून काढलं ते राजेश्वरीनं. ती नानासोंची पुतणी. त्यांना तात्या म्हणते. ती फोटोग्राफर आहे, पण वाढदिवसाची, बारशाची नव्हे. तिचं काम केसांचं. ब्यूटी पार्लरच्या भिंतीवर बायका मान वळवून, केस उडवून हसताना दिसतात ना? ते फोटो. केसांच्या फोटोला वारा लागतो, आणि आमच्याकडे ऐन वेळी लाइट जाते.

पहिला झोत मी तिच्या बहिणीच्या, उत्कर्षाच्या केसांवर सोडला. मित्रांनो, मी फार घाबरलो होतो. तोवर मी ज्याच्यावर वारा घातला होता ते सगळं वितळलं होतं. उत्कर्षा वितळली नाही. उलट हसली. त्या दिवशी मला कळलं की वाऱ्याचे आणखीही उपयोग आहेत.

राजेश्वरीचे फोटो फिरत फिरत मलकापूरच्या लालासाहेबांपर्यंत गेले. त्यांचा केसतेलाचा कारखाना. त्यांना आपलं तेल परदेशात विकायचं होतं आणि त्यासाठी जाहिरातही परदेशात काढायची होती. जॉर्जिया नावाच्या देशात, बर्फाच्या डोंगरात.

"मॅडम, एक संधी देतो," ते म्हणाले. "फोटो जमलं तर वर्षाचं सगळं काम तुमचं. न्हाई जमलं तर मुंबईचा माणूस तयारच हाय. त्याला शेंडी हाय, इंग्लिश बोलतो."

घरातल्यांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं की हेही बिनसलं तर हा उद्योग बंद करून विट्यातच बारशांचे फोटो काढायचे. त्यात तिच्या मदतनिसाला व्हिसा मिळाला नाही. घरात पासपोर्ट असलेला माणूस एकच होता: नानासोतात्या. ते कधीतरी दुबईला कुणाची तरी भट्टी बसवायला गेले होते. तात्या तयार झाले, पण एका अटीवर.

"मी माझं हत्यार घेऊन येणार."

हत्यार म्हणजे मी. मला गोधडीत गुंडाळून बॅगेत भरलं. विमानतळावर बॅग उघडायला लावली.

"यह क्या है?"

"बाल उडाने का पंखा है, साहब," तात्या म्हणाले.

साहेबानं तात्यांच्या टकलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय सहानुभूतीनं आम्हाला जाऊ दिलं. पुढे मात्र सामान चढवणाऱ्यांनी बॅग अशी आपटली की माझ्या पोटात काहीतरी सुटलं. खळ्ळ असा आवाज आला. मला वाटलं, वय झालं.

जॉर्जियात आमच्याकडच्या मेढा गावावरचा डोंगर उचलून बर्फात नेऊन ठेवावा तसं सगळं होतं. तात्यांच्या मते परमुलखाची भाषा एकच, मल्याळम. ते हॉटेलवाल्याशी मल्याळम बोलले, ड्रायव्हरशी मल्याळम बोलले. आश्चर्य म्हणजे दोघांनीही त्यांना चहा आणून दिला.

नीनो नावाची तिथलीच मुलगी मॉडेल होती. कमरेपर्यंत काळेभोर केस. लालासाहेबांनी स्वतः अर्धी बाटली तेल तिच्या डोक्यावर रिकामी केली. "फसवाफसवी नको. आपलं तेल लावूनच फोटो."

दिवसभर ढग होते. संध्याकाळी ऊन पडलं आणि नेमका वारा पडला. भाड्यानं आणलेला विजेचा मोठा पंखा लावला, तर तो एकदा घरघरला आणि गप्प झाला. तेलानं जड झालेले केस नीनोच्या पाठीवर ओल्या घोंगडीसारखे लोंबत होते. सूर्य डोंगराकडे निघाला होता, आणि सकाळी परतीचं विमान होतं.

"तात्या," राजेश्वरी म्हणाली, "काढा आपला."

तात्यांनी मला दगडावर ठेवलं आणि दांडा फिरवला. मी सगळं बळ लावलं. आणि माझ्या नळीतून काळ्या राखेचा एवढा मोठा लोट निघाला की नीनो दिसेनाशी झाली.

राख खाली बसली तेव्हा नीनो होती, पण केस तेलकट, त्यावर राख.

"आवं, हे काय केलं!" लालासाहेब ओरडले. "माझ्या तेलाच्या जाहिरातीत कोळशाची वखार? बंद करा. मुंबईवाल्यालाच बोलावतो!"

राजेश्वरीच्या हातातला कॅमेरा खाली आला. तिनं रुमाल काढला आणि नीनोचे केस झटकायला ती पुढे झाली.

"थांब! हात लावू नगंस!"

तात्या इतक्या जोरात ओरडले की समोरच्या डोंगरानंही तेच ओरडून दाखवलं. त्यांनी नीनोच्या केसांतून चिमूटभर राख घेतली, बोटांत चोळली, उन्हात धरली. बोटं पिवळी चमकत होती.

"सोनं हाय गं पोरी. त्रिशूरचं. भट्टीवरनं उडून ह्याच्या पोटात बसलेलं. मी केर गाळला, पाणी गाळलं, आणि ह्याच्या पोटात कवा बघितलंच न्हाई!"

राजेश्वरीनं मान वर केली. उतरतं ऊन नीनोच्या केसांवर पडलं होतं. तेलाला चिकटलेला कणन् कण पेटला होता. काळ्या रात्री कुणी मूठभर चांदण्या फेकाव्यात तसे ते केस दिसत होते. तिनं कॅमेरा उचलला.

"तात्या, दांडा फिरवा. लवकर!"

"येडी का खुळी तू? उडून जाईल समदं!"

"उडायलाच पाहिजे. केस उडाले तरच फोटो हाय."

"अगं, आख्ख्या जन्मात मी एक कण उडू दिला न्हाई!"

"तात्या, ऊन चाललं. हा फोटो गेला तर मी बारशाला गेले."

मित्रांनो, माझ्या दांड्यावर तात्यांचा हात होता, म्हणून मला ठाऊक आहे. दांडा फिरू नये म्हणून त्यांनी तो घट्ट आवळून धरला होता. रुमालात शिंकणारा माणूस तो. त्यांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा पुतणीकडे, आणि डोळे मिटून दांडा फिरवला.

मी असा वाहिलो की काय सांगू! नीनोचे केस उठले, पसरले, आणि त्यांतून सोन्याचा धूर निघाला. नीनो खळखळून हसली. राजेश्वरी फोटो काढत होती आणि तात्या दांडा फिरवत मोठमोठ्यानं "गेलं, गेलं, गेलं!" म्हणत होते. लालासाहेब मात्र लय शहाणे. त्यांनी स्वतःचा कोट काढला आणि वाऱ्याच्या वाटेत तो दोन्ही हातांनी ताणून उभे राहिले. "आवं नानासो, असं सोडता व्हय! हिकडं येतंय, हिकडं!"

ऊन गेलं. मग तात्यांनी नीनोला बादलीत केस धुवायला लावले आणि ते पाणी बाटल्यांत भरलं. कोटही त्यातच बुडवून पिळला. परत आल्यावर आपल्याकडच्या विमानतळावर त्या बाटल्या बाहेर आल्या.

"यह क्या है?"

"बाल धोया हुआ पानी, साहब."

याही साहेबानं तात्यांच्या टकलाकडे पाहिलं आणि बाटल्या स्वतःच्या हातानं बॅगेत परत ठेवल्या.

विट्यात तात्यांनी अंगणात भट्टी पेटवली आणि मी पुन्हा आगीवर वारा घातला. बाटल्या, कोटाचं अस्तर, रुमाल, सगळं गाळून जो मणी निघाला तो राळ्याच्या दाण्याएवढा होता. लालासाहेबांनी चष्मा लावला तरी त्यांना दिसेना. हा कुणाचा, यावर चर्चा झाली. तात्या म्हणाले, "माल ज्याच्या पोटातनं निघाला त्याचा." त्यांनी तो माझ्या दांड्याच्या लाकडी मुठीत ठोकून बसवला.

आज मलकापूरला हमरस्त्याकडेला नीनोचा घराएवढा फोटो लागला आहे. एसटीतली माणसं माना वळवून बघतात. राजेश्वरीला वर्षाचं काम मिळालं आणि पाठोपाठ पुढच्या परदेशाचं तिकीटही. मुंबईवाल्यानं फोन करून विचारलं म्हणे, "ती पावडर कुठल्या कंपनीची?" विट्यात घरोघर जुने भाते खाटेखालून निघाले आणि उताणे करून आपटले जाऊ लागले. लालासाहेबही परवा आले होते. "तसाच धूर परत पायजे."

"मिळंल की," तात्या म्हणाले. "आता अजून एक जन्म थांबायचं."

तेव्हा मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्याही घरात खाटेखाली, माळ्यावर कुणीतरी माझ्यासारखा पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, तेल द्या, काहीतरी काम द्या. कोंबडी बसली असेल तर तिचं होईपर्यंत थांबा. फक्त त्याचं पोट घाईघाईनं झटकू नका. आणि झटकायचंच असेल, तर आधी ऊन बघा, आणि समोर कुणीतरी केस मोकळे सोडून हसत उभं आहे ना, तेवढं पाहा.